सतरा सेंटिमीटर

फेरी रद्द. क्लाक्सविकच्या धक्क्यावर वारा एकटाच कामाला.
रान्वा बंदर-कचेरीत, नव्या मशीनसमोर,
ताटलीत वाळवलेलं मटण, तसंच.

कॉन्फिगर विचारत सुटतं, भोचक शेजाऱ्यासारखं:
कंपायलर आहे? आहे.
गणिताची लायब्ररी? आहे.
फोर्ट्रान?
नाही.
मग शोधा, आणा, पुन्हा सगळं पहिल्यापासून.

मेक. ओळी सरकतात, पंखा घुरघुरतो.
इशारे एकेचाळीस, चूक एकच,
ओळ दोनशे बारा: कंस सुटलाय.
आणि तिथंच, भरतीच्या उंचीत
कुणीतरी मिळवलेत सतरा सेंटिमीटर,
शेजारी टिपण:
काढू नका. कारण मला विचारा. येग्वान.

येग्वान चर्चमागे. तीन हिवाळे झाले.

ती कंस मिटवते,
सतराला हात लावत नाही.
इन्स्टॉल.
कर्सर परत येतो, एक शब्द न बोलता.
सगळं नीट झालं की असंच असतं.

पहाटे पाच चाळीसला ती टॉर्च घेऊन धक्क्यावर.
प्रोग्राम म्हणाला होता: तिसरी पायरी.
पाणी चढतं. तिसरी भिजते.
चौथी कोरडी.

"बरं," ती अंधाराला म्हणते,
"आता सांग, का?"