ठोकून पाहिल्यावर

पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?
चौकट छोटी आहे, दोनशे अक्षरांची.

मी माहीमला, शुक्तिका सोसायटीच्या
तिसऱ्या मजल्यावरच्या न्हाणीघरात
स्टुलावर उभी, मान मागे टाकून
छताला हातोडी मारतेय.
खिशात फोन थरथरतो. देवस्थळी :
फॉर्म आज भर. व्हाइस प्रेसिडेंटची जागा आहे.
बीकेसी, काचेची केबिन,
साइटची कटकट नाही.

टक्. टक्. टक्.
ढप्.

हे ढप् ऐकू यायला मला अकरा वर्षं लागली.
पहिली तीन तर नुसतीच मान डोलवायचे.
लॉरेन्स पिंटो विचारायचे, "आला?"
मी म्हणायचे, "आला."
त्यांना कळायचं, नाही आला.
एकदा वर्सोव्याच्या एका जिन्यात
अख्खी दुपार एकाच तुळईखाली काढली आम्ही,
डब्यातली भेंडी चिकट होऊन गेली.
पिंटो आले तेव्हा साइट इंजिनिअर,
गेले तेव्हाही साइट इंजिनिअर.
निरोपाच्या केकवर पद लिहायला
बेकरीवाल्याला जागा पुरून उरली.
मला दया आली होती त्यांची. खरं सांगते.

मी मात्र चढले.
चार वर्षांत तीनदा कार्डं छापली,
नाव तेच, खालची ओळ लांबत गेलेली.
पगार वाढला, मुलुंडला एक खोली वाढली,
त्याला नावं ठेवणार नाही,
घराचा हप्ता काही तत्त्वांनी फिटत नाही.

पण सळईचं सांगते.
खारा वारा बारीक फटीतून आत शिरतो,
लोखंड गंजतं, आणि गंजता गंजता फुगतं,
होतं त्याच्या दुपटीहून जाड.
मोजपट्टी लावली तर वाढच म्हणावी लागेल.
मग तेच भोवतालचं काँक्रीट ढकलायला लागतं
आणि एका रात्री
कुणाच्या तरी बादलीत
छताचा पापुद्रा पडतो.

"पडणार का गं?" दारातून काकडेकाकू,
हातात कपबशी.
एवढ्यात नाही काकू.
पण आंघोळ आठवडाभर शेजारी करा.
"शेजारी?" त्या म्हणतात,
"त्यांच्याशी आमचं बोलणं नाही."

खाली खडू धरून रुबिना तडवी.
यावलची, लागून आठ महिने झाले.
मी ठोकते, ती भोवती गोल काढते,
मधूनच विचारते, "मॅडम, पुढे काय असतं?
म्हणजे याच्यापुढे?"

कुणी शिडीचं चित्र काढून दिलं असतं
तर मीही तेच पुढे केलं असतं.
तिला कसं सांगू
की गेल्या महिन्यात, चेंबूरला,
एका खांबापाशी मला चारदा ठोकावं लागलं,
आणि चौथ्यांदाही मी अंदाजानंच लिहिलं.
दीड वर्ष मीटिंगांत बसले होते.
कान कुठे जमा करून ठेवता येत नाही,
बँकेसारखा. वापरला नाही की बुजतो.
पिंटोंचा शेवटच्या दिवशीही वाढत होता,
फक्त तो कुठल्या रकान्यात मावत नव्हता.

फोन पुन्हा थरथरतो.
एका हातानं, स्टुलावरच, टाइप करते :
केबिन घेते. मंगळवार आणि शुक्रवार साइट.
त्या हिशेबानं पगार कापा.
वाचते. *कापा* खोडते. पुन्हा लिहिते.
देवस्थळी "टाइप करत आहेत",
थांबतात, परत टाइप करत आहेत.

मी खाली उतरते,
रुबिनाला म्हणते, चढ.
हातोडी घे. सैल धर, मनगटातून.

टक्. टक्.
ढप्.

"आला?"
ती मान वर करूनच उभी,
खडूची पावडर पापण्यांवर.
बराच वेळ काही बोलत नाही.
मग म्हणते,
"नाही आला, मॅडम.
परत मारू?"