तेरा मिलिग्रॅम

प्रार्थनाघराच्या तळघरात आज तिसरी रात्र.
निर्वात नळीत एक इवला आरसा पडतो,
वीतभर, जास्त नाही.
पडतो, झेलला जातो, उचलला जातो, पुन्हा पडतो.
अंतर लेझर मोजतो, काळ मोजतं अणुघड्याळ,
मी जागी राहायला म्हणून मोजते
आरशाचं पडणं.

अंतराची दुप्पट, भागिले वेळेचा वर्ग:
नऊ पूर्णांक आठ दोन.
इथवर शाळेतली पोरंही येतात.
माझं काम त्याच्या पुढचं, आठव्या घरातलं,
जिथे बेटाच्या पलीकडे लाट खडकावर फुटली
तरी आकडा शहारतो.

एडविन कॉफीचा थर्मास घेऊन जिना उतरतो.
चाव्या त्याच्याकडे असतात, प्रश्नही.
‘ओढते का अजून पृथ्वी?’
‘ओढते. पण इथे दर वर्षी जराशी कमी.’

माझ्या शाळकरी स्वीडिशमध्ये मी त्याला बर्फ सांगते:
दोन-तीन किलोमीटर जाडीचा,
हजारो वर्षं या किनाऱ्यावर बसलेला.
तो उठून गेला,
आणि गादीतला खळगा अजून भरतोच आहे,
वर्षाला करंगळीच्या नखाएवढा.
जमीन वर येते, आपण तिच्याबरोबर;
मध्यापासून दूर गेलं की ओढ उतरते.

‘हे मला नावघरानं सांगितलंय,’ तो म्हणतो.
आजानं बांधलं तेव्हा उंबऱ्याला समुद्र लागायचा.
बापानं ते चाळीस पावलं खाली नेलं,
एडविननं आणखी तीस.
जुन्या जागी आता ज्युनिपरची झुडपं,
आणि होडी बांधायच्या लोखंडी कडीवर
मेंढ्या मान खाजवतात.

दोन वस्तुमानं घ्या, गुणा.
मधल्या अंतराच्या वर्गानं भागा.
मग गुणा त्या एका आकड्यानं
ज्याच्या दशांशचिन्हामागे दहा शून्यं उभी आहेत
आणि मग कुठे सहा.
‘शून्यं फार झाली,’ एडविन म्हणतो. ‘माझं सांग.
एक्क्याऐंशी वर्षं याच बेटावर. वजन ऐंशी किलो.’

कॅलेंडरच्या पाठीवर मी मांडते.
‘इथेच, एवढाच ऐंशी किलोंचा असा
तुम्ही जन्माच्या दिवशी उभे असता,
तर काटा आजच्यापेक्षा
तेरा मिलिग्रॅम जास्त दाखवता.’

‘गेले कुठे?’
‘कुठेच नाही. तुम्ही आहात तेवढेच आहात.
ओढ तेवढी कमी झाली.’

आरसा पडतो. झेलला जातो.

‘हियोर्डिस बाकावर बसायची. इथे मी, तिथे ती.’
तो हातानं मीटरभर हवा दाखवतो.
मी विचारते, ‘वजन?’
‘साठ. कोणाला सांगू नकोस.’
उत्तर येतं: धुळीचा एक कण तोलावा इतकं.
तो खो-खो हसतो. ‘बेचाळीस वर्षं! धुळीचा कण!’
मग कॉफीच्या झाकणात बघत,
‘आता ती पुलापलीकडे आहे. चार किलोमीटर.’

मी एक कोटी साठ लाखांनी भागते.
पेन्सिल बराच वेळ शून्यंच लिहीत राहते.
‘म्हणजे काही नाही?’
‘काही नाही असं कधी येत नाही.
कितीही भागा.’
‘मग वासाचा तो करवसुलीवालाही मला ओढतो?’
‘तोही.’
‘वाटलंच होतं.’

पहाटे वारा पडला, आकडा ठरला.
नोंदवहीत मी तारीख लिहिली, हवेचा दाब,
भरतीची दुरुस्ती,
आणि आठव्या घरात
गेल्या खेपेपेक्षा थोडं कमी.

त्याच्या स्वयंपाकघरात बटाटे उकळत होते.
हेरिंग खारवायच्या डब्यातून
त्यानं जाड मिठाचा एक खडा निवडला,
तळहातावर ठेवला.
‘एवढे?’
‘जवळजवळ.’

थोडा वेळ तो एक्क्याऐंशी वर्षं जोखत राहिला.
मग खडा पातेल्यात टाकला,
ढवळलं, पळीच्या टोकानं चाखलं,
आणि म्हणाला,
अजून लागेल.