अठ्ठावन्न की एकोणसाठ

अमावस्येला मार्केट बंद.
रोज बुडाला, लोटन म्हणतो, पडल्या पडल्या, पत्र्याकडे बघत.
मी कालची दीड भाकरी फडक्यात बांधते
आणि शमीमच्या दाराची कडी वाजवते.
ती चपला घालूनच उभी.

दोंडाईच्याला फलाटावर बसायचं तर तिकीट लागतं.
आम्ही फाटक ओलांडून पुढे जातो,
जिथं लाकडी स्लीपर रचून ठेवलेत, कधीचे,
आणि वर निंब आहे.
निंबाला मालक नाही, असं शमीमचं मत.
रेल्वेचा असेल, मी म्हणते.
ती मान वाकडी करून बघते, बराच वेळ.
झाड असेल रेल्वेचं, म्हणते, सावली कुंपणाच्या अलीकडे पडलीय.

पहिली मालगाडी येईस्तोवर आम्ही फार बोलत नाही.
महिनाभर बोलतोच की, मिरचीचे देठ खुडताना,
तोंडाला फडकं बांधून,
एका ठसक्यापासून दुसऱ्या ठसक्यापर्यंत जेवढं मावेल तेवढं.
आज तोंड उघडं आहे.
म्हणून गप्प.

मग रूळ कुजबुजायला लागतात.
अठ्ठावन्न, मी म्हणते.
एकोणसाठ, ती. तिला नेहमी एक जास्त लागतो.
इंजिन जातं, त्याच्यामागून आमचे कान जातात,
कोळसा, कोळसा, कोळसा,
मी बोटांवर मोजते, ती ओठांवर,
विसाला एक खडा बाजूला काढायचा.
दोन खडे, वर अठरा,
आणि शेवटी गार्डाचा डबा.
गार्ड हिरवं निशाण बगलेत धरून उभा.
एवढ्या लांब गाडीचा शेवटचा माणूस,
त्याच्याकडे कोण बघतं?
आम्ही हात हलवतो. तोही हलवतो, जरा दचकून.

"चुकनं तुन्हं," मी म्हणते. "गार्डाचा डबा धरत नसतात."
का? त्यात माणूस नव्हता?
एवढ्या एका प्रश्नावर
पुढची गाडी येईपर्यंत भांडण पुरतं.

हरेल तिनं दुसरीची बोटं मोडून द्यायची, अशी पैज.
एरवी आम्ही बोटं मोडतो ती मुनिमाच्या नावानं,
काट्यावर आमचा पाव किलो गिळतो त्याच्या.
आज खरीखुरी.
करंगळीपासून सुरुवात, अंगठा सगळ्यात शेवटी,
कारण सगळं त्यानंच केलेलं असतं.
तो कट्ट करून वाजतो
आणि शमीम अशी हसते, की स्लीपरावरची खार पळून जाते.

भाकरीबरोबर मिरची नाही.
विसरलो नाही. आणलीच नाही.

दुपारची पॅसेंजर थांबून थांबून जाते.
खिडकीतली एक बाई आमच्याकडे बघते,
कीव आल्यासारखी.
बिचारी. पैसे मोजून बसलीय
आणि कधी उतरायला मिळेल, याची वाट बघतेय.

त्यानंतर काय केलं, ते सांगता यायचं नाही.
मुंगळा एक निंबोळी ओढत होता, त्याला वाट दिली.
थोडं झोपलो. एकमेकींच्या झोपेवर लक्ष ठेवलं.
एक रिकामी मालगाडी गेली, नुसतीच बडबडत,
ती कोणी मोजली नाही.

घरी पोरगी विचारते, "कोठे गयथी व माय? काय लई उनी?"
मी फडकं झटकते.
दोन-चार खडे, निंबाचं एक पान.
ती खडे उचलून घेते, काही न बोलता,
आणि पायरीवर खेळायला बसते.

रात्री चंद्र नाही.
भिंतीपलीकडे शमीम आज खोकत नाही.
माझा डावा डोळा खाजतो,
सवयीनं मी मनगट वर नेते,
थांबते.
बोटं हुंगून बघते.
तिखट वास नाही, नुसता रुळाचा, खडीचा.
"आज मन्हा हात मन्हाच शेतस," मी अंधारात म्हणते,
लोटन विचारतो काय, मी म्हणते काही नाही,
आणि बोटांनीच डोळा चोळते, सावकाश,
मग दुसराही,
जो खाजत नव्हता.