चर्चा झाली

मागच्या ग्रामसभेचं इतिवृत्त
सचिवबाई एका दमात वाचतात,
चुकून उघडलेलं दुसऱ्याचं पत्र वाचावं तसं.
'विषय तीन. पाणीपुरवठा. चर्चा झाली.
विषय चार. मानस दुरुस्ती. चर्चा झाली.
विषय पाच. आराखडा. चर्चा झाली.
आभार मानून सभा संपली.'

एकतीस वर्षं मी चौथीच्या वह्या तपासल्या.
वाक्यात कर्ता नसला तर पूर्ण गुण दिले नाहीत कुणाला.
म्हणून हात वर केला.

बाई, चर्चा झाली म्हणजे
ती कुणी केली?
त्या रविवारी प्रेमावती गांवस
कडेवर रिकामी कळशी घेऊन आली होती.
सरपंचांच्या फायलीशेजारी ती ठेवून म्हणाली,
नळ बसून चौदा महिने झाले,
आतून फक्त कोळी बाहेर आला.
नळाचा फोटो काढणारा माणूस मात्र
दोनदा आला.
हे लिहा.

इनास लोबो उठला होता.
तो सहसा उठत नाही, सभेत मागे दाराशी बसतो,
चपला हातात घेऊन.
म्हणाला, मानशीची फळी कुजली,
खारं पाणी थेट खाजनात येतं,
यंदा कोरगुटाचं एक कणीस धरलं नाही.
जलस्रोत खातं म्हणतं पंचायतीला विचारा,
पंचायत म्हणते मामलेदाराला,
मामलेदार म्हणतात कूळ संघटनेला,
आणि कूळ संघटनेचा अध्यक्ष
गेल्या वर्षी वारला.
भरतीला मात्र पत्ता पक्का ठाऊक आहे.
ती रोज दोनदा येते,
कुणाचीही सही न घेता.
हेही लिहा. असंच.

आणि नकाशा.
तो तुम्ही भिंतीवर लावलात, पंख्याच्या वर,
जिथं फक्त पाल पोचते.
मी बाकावर चढले. गुडघा दुखतो, तरी चढले.
सगळं खाजन हिरवं,
आणि मधोमध एक पिवळा चौकोन,
सर्व्हे नंबर अठ्ठ्याऐंशी, पोटहिस्सा तीन.
गेल्या जत्रेपर्यंत तोही हिरवाच होता.
पोर रंगवताना रेघेबाहेर गेलं
की मी त्याचा हात धरायची.
हा हात कुणाचा,
एवढंच विचारलं होतं.

सरपंच उगम. माझ्याच वर्गातला.
तेव्हाही उत्तर आलं नाही
की खोडरबर शोधायचा.
आज माईक शोधतो. माईक चालू असतो.
'बाई, वरून आलंय ते. आमच्या हातात काय?
वेळ झाला, पुढच्या सभेत घेऊ.'
'बैस,' मी म्हटलं,
आणि तो खरंच बसला.
मागे कुणीतरी हसलं. मला हसू आलं नाही.
साठ वर्षांची सवय एका शब्दात बाहेर पडते,
आणि ती मला आवडली, याची लाजही वाटली.
म्हणून म्हटलं, वरून म्हणजे कुठून,
त्याचंही नाव लिहा.
पद, तारीख, जावक क्रमांक.

वीज गेली तेवढ्यात.
पंखा थांबला तशी माणसं कुजबुजली,
पण उठलं कुणी नाही.
अठ्ठावन्न सह्या होत्या रजिस्टरात,
मी मोजल्या होत्या,
मोजायची सवय गेली नाही.

सचिवबाई नवी आहे, सत्तरीहून येते,
दोन बशी बदलून.
हळूच म्हणाली, बाई, इतक्या ओळी नाहीत हो यात.
म्हटलं, समासात लिही.
तिनं उगमकडं पाहिलं,
मग पेनाचं टोपण काढून
बराच वेळ नुसतं दातांत धरलं.

'गांवस,' तिनं विचारलं,
'गावर अनुस्वार ना?'

हो.

इनास घड्याळ बघत होता,
सव्वाबाराची भरती.
प्रेमावती दाराशी पोचली होती,
तिला हाक मारून कुणीतरी म्हणालं, अगे, तुझी कळशी.
महिनाभर ती कार्यालयातच आहे,
कपाटावर, फायलींच्या रांगेत.
राहू दे, ती म्हणाली,
भरली की नेते.