कानोसा

विन्को ह्रोवात फोनवर ओरडूनच बोलतात,
कान गेल्यापासून.
"तादेया, हा मेला झोपत नाही!
दाबून झोपवला तर झोपतो, आपण होऊन कधीच नाही.
रात्रभर घरघर, भिंतीवर निळा डोळा.
मार्येता म्हणते, घरात तो तरी राहील नाहीतर मी."

कोबारिडहून वर चढताना गाडी दोनदा घसरली.
टेबलावर मधाच्या बरण्यांची गोल-गोल वर्तुळं,
चिमट्यात बिलं, आणि मधोमध तो,
अकरा वर्षांचा, टक्क जागा.

झोपेचं सोंग घेतलेल्याला जागं करता येत नाही म्हणतात.
जागेपणाचं सोंग घेतलेल्याला
झोपवायचं कसं, ते कुणी सांगून ठेवलेलं नाही.

दहा मिनिटांनी झोप, असा त्याला हुकूम होता.
म्हणजे माझं काम मुख्यतः दहा मिनिटं थांबणं.
आधी माउस काढला. थांबले.
(मार्येतानं सुक्या नाशपातींची वाटी सरकवली.)
मग पहाटेचे गजर पुसले, कुणी लावले कोण जाणे.
थांबले.
नेटवर्कची वायर उपटली. थांबले.
प्रिंटरच्या रांगेत लिंडनच्या मधाची चाळीस लेबलं
जुलैपासून ताटकळत होती, त्यांना सोडवलं.
थांबले. नाशपाती संपल्या.
पंखा घरघरतच होता,
आणि आम्ही तिघं त्याच्याकडे बघत बसलेलो,
तापातल्या पोराच्या उशाशी बसावं तसे.

शेवटी काळी खिडकी उघडून सरळ विचारलं,
कोण जागं ठेवतंय तुला?
एका ओळीत उत्तर आलं:
मायक्रोफोन वापरात आहे.

"आमच्याकडे कुठला मायक्रोफोन?" विन्को ओरडले.

वायर मात्र होती. टेबलामागून, सतरंजीखालून,
खिडकीच्या चौकटीतल्या भोकातून, जिथे लोकर कोंबली होती,
बाहेर बर्फात.
टॉर्च घेऊन मी तिच्या मागे गेले
मधमाश्यांच्या लाकडी घरापर्यंत,
खालची रांग, सातवी पेटी,
जिच्या फळीवर रंगवलेला कोल्हा शिकाऱ्याची दाढी करतो.

मार्येताला मग आठवलं, शेजारचा योश्ट,
ऑक्टोबरात, शाळेचा काहीतरी प्रकल्प.
पोरगं विसरलं. प्रोग्राम मागे उघडाच राहिला,
काही न नोंदवता, नुसता ऐकत.

"सातवी?" विन्कोंनी वही काढली.
नोव्हेंबरच्या पानावर सातवर काट मारलेली.
"मी टकटक केली होती. कान लावला होता.
आत काही नव्हतं."

मी स्पीकरचा आवाज वाढवला.

आधी वारा. मग वाऱ्याच्या खाली
काहीतरी जाड, एकसुरी,
लांबच्या गावात पिठाची गिरणी चालू असावी तसं.
मार्येतानं हातातली वाटी खाली ठेवली.
"काय?" विन्को म्हणाले. "काय आहे? काय ऐकताय?"
तिनं त्यांचा हात धरून स्पीकरच्या जाळीवर ठेवला.

बराच वेळ ते काही बोलले नाहीत.
मग हळू आवाजात, आयुष्यात पहिल्यांदा इतक्या हळू,
मला समजावू लागले: लोकांना वाटतं हिवाळ्यात त्या झोपतात.
झोपत नाहीत. राणीभोवती गोळा होऊन थरथरतात,
त्या थरथरीचीच ऊब.
बाहेरची आत येते, आतली बाहेर जाते, पाळीपाळीनं.
एकीनंही सगळी थंडी बाहेर काढायची नाही.
एवढं बोलून त्यांनी वहीतली काट खोडली,
म्हणजे काटेवर आणखी एक काट मारली,
आणि सातचा आकडा आता वाचताच येईना.

"बंद करू का प्रोग्राम?" मी विचारलं.
विचारायचं म्हणून.

पावतीवर 'बिघाड' असा एक रकाना असतो.
पेन हातात धरून मी बसले होते
तेवढ्यात मार्येता स्वयंपाकघरातून
काळी चिकटपट्टी घेऊन आली,
दातानं तुकडा तोडला,
आणि निळ्या दिव्यावर
नीट, दोन्ही कडा दाबून,
चिकटवला.