पडद्यामागून

बोरीच्या कोरड्या पात्रात तंबू लागायचा,
पारोळ्यात बालाजीचा रथ निघायच्या दिवसांत.
माझं काम इंजिनाला पाणी घालायचं.
दोन आणे, वर खेळ फुकट,
पण तो पडद्याच्या मागून.
म्हणून माझ्या आठवणीतला मास्टर दिगू
आजही डावखुरा आहे,
आणि सावकाराच्या दुकानावरची पाटी उलटी.
तसंही मला वाचता येत नव्हतं.

त्याआधीची चित्रं मुकी.
त्या वर्षी पडद्याला आवाज फुटला.
पहिल्या रात्री चार-पाच बाप्ये मागे येऊन
कंदील वर करून बघून गेले
कोण बोलतंय ते.
मागे मी, बादली, आणि लाकडी खोक्यातला भोंगा.
त्यांनी भोंग्यापेक्षा माझ्यावरच जास्त संशय घेतला.

गोष्ट एवढीशी.
बाप बँडात क्लॅरिनेट वाजवणारा, आता क्लॅरिनेट गहाण.
पोरगं सात वर्षांचं,
बापाचा बँडचा कोट घालून हिंडतं
(लाल असणार, पडद्यावर काळा),
बाह्या रस्ता झाडत चालतात.
सावकार दारात आला की बापलेक मेल्याचं सोंग घेतात
आणि पोराच्या नाकावर माशी बसते.
इथे तंबू हलायचा.
मग शेवटी लग्नाच्या मांडवाबाहेर
बाप पिऊन पडलेला, आतून दुसऱ्याच कुणाचा बँड,
आणि दिगू त्याच्या कानाशी,
"बाबा, उठा. वरात निघाली."
माशी आणि वरात यांच्यामध्ये एक रीळ.
वझीरमिया ते बदलेपर्यंत
लोक शेंगा फोडायचे
आणि बायका पदर सावरून तयार बसायच्या.

नवव्या रात्री भोंगा गेला.
ऐन वरातीत.
दिगूचे ओठ हलतायत आणि इंजिन नुसतं धडधडतंय.
शिट्ट्या, टरफलं, "पैसे परत करा!"
हिरालाल शेठ पागोटं हातात घेऊन धावतोय.
वझीरमिया मागे आला, मला खोक्यावर उभं केलं.
"आठ रात्री ऐकलंस ना? बोल."

पाठ होतं. देवाशप्पथ सगळं पाठ होतं.
पण घशाशी आल्यावर ती पुस्तकी बोली पळाली
आणि माझ्या तोंडून निघालं,
"बा, ऊठ ना रे. वरात निंघनी."

आधी एक हशा.
दिगूच्या गोऱ्या तोंडात आमची अहिराणी!
मी पुन्हा म्हणालो. ओठ अजून हलत होते, काय करणार.
"ऊठ ना बा."

तेव्हा पुढच्या मातीवरून
माझा बा उठून उभा राहिला.
दिवसभर जिनात सरकीची पोती वाहून
तो रोज खेळात झोपायचा.
डोक्याला टरफलं, धोतर सुटत आलेलं,
प्रकाशाच्या झोतात उभा,
त्याची सावली दिगूच्या बापावर पडलेली.
"काय रे धुडकू? काय झालं?"

तंबू फुटला हसून.
हसता हसता बायकांच्या बाजूला काय झालं ठाऊक नाही,
कुणीतरी म्हणालं, "उठना व माय तो, उठना,"
आणि नाकं ओढल्याचे आवाज आले.
त्या रात्री दोन्ही रिळं एकदम लागली म्हणा.
बा मात्र चिडला.
घरी जाताना नदीभर बोलला नाही,
एकदाच थांबून विचारलं,
"जेवला का?"

शेठनं चार आणे दिले. भोंगा दुरुस्त झाला.
तीन वर्षांनी धुळ्याला कुणी सांगितलं,
दिगूचा आवाज फुटला, कंपनीनं काढून टाकला.
माझाही त्याच साली फुटला.
माझी बातमी कुणाला लागली नाही.

पुढे जळगावला, पक्क्या थेटरात,
खुर्चीवर बसून, समोरून बघितला तोच खेळ.
आवाज स्वच्छ. पाटी वाचता आली.
दिगूनं उजव्या हातानं माशी हाकलली,
आणि मला वाटलं हा कोण पोरगा.
शेजारचा हसत होता.
मी मध्यंतरात उठून आलो.
वरातीपर्यंत काही थांबलो नाही.