बत्तीस टक्के

नळकांडं पिवळं, गळ्याशी हिरवा पट्टा,
पट्ट्यावर मीच मार्करनं लिहिलेलं: ३२.
उद्यमनगरातल्या पहिल्याच दुकानात पोरानं वाचलं,
"बत्तीस टक्के? तीन मार्कांनी गेला की वो."

मी हसलो. हसण्यात किती हवा जाते
ते मला ठाऊक आहे, धंदाच तो.
धरणाच्या दाराखाली उतरतो मी, ठेक्यावर,
रबरी पट्टी कुठं फाटली ते चाचपून सांगतो.
बावीस मीटरवर साध्या हवेत पस्तीसेक मिनिटं,
प्राणवायू थोडा वाढवला तर तासाच्या आसपास.
एवढ्यासाठीच हे दारोदार.

कोल्हापुरात हवेला तोटा नाही.
पंक्चरवाला फुकट मारून देतो,
निवडणुकीत तर चौकाचौकात कुणाची ना कुणाची असतेच.
हायवेच्या पंपावर टायरमध्ये नायट्रोजन भरतात,
त्याचे वेगळे पैसे घेतात.
मला तोच कमी करून पाहिजे म्हटल्यावर
पोरगं आत जाऊन मॅनेजरला घेऊन आलं.

मालवणला गेलो.
कंडक्टर म्हणाला, "ह्यात काय?"
म्हटलं, सध्या काहीच नाही.
"मग एवढं जड कसं?"
लगेजचं तिकीट फाडलं.
तिथं कार्ड मागितलं, दाखवलं.
मग चाचणीचा शिक्का बघितला: दोन महिने उलटलेले.
शिक्क्यासाठी पुणं, अकरा दिवस,
पुन्हा तोच घाट, तीच उलटी करणारी मागची सीट.
एकाकडं तोटीचे आटे जुळेनात.
दुसऱ्याकडं सगळं जुळलं, चहासुद्धा आला,
फक्त प्राणवायू संपलेला.
"टेम्पो येतो की सोमवारी."
कुठून?
"कोल्हापूरहून."

सोमवारी मी दस्तगीर शिकलगारांच्या शेडमध्ये.
भिंतीला साखळीनं बांधलेली काळी नळकांडी,
कामावर निघालेल्या वेल्डरांसारखी ओळीनं उभी.
मी गणित मांडलं: आधी अठ्ठावीस बार प्राणवायू,
वरून साधी हवा, दोनशेपर्यंत.
त्यांनी कॉम्प्रेसरच्या तोंडाशी कागद धरला,
कागदावर तेलाचा ठिपका उमटला, मोहरीएवढा.
"बघिटलंस? तेल आणि ह्यो, सोयरीक नाय जमत.
माझं शेडबी जाईल आन् तुझं टकुरंबी."

मी म्हटलं, निदान प्राणवायू तरी द्या,
हवेचं मी बघतो.
ते पान्यावरचं ग्रीस पुसत राहिले, फार वेळ,
पुसून झाल्यावरही.
"त्या साली दोन महिने मी हितंच झोपलो.
रात्री तीनला माणसं शटर वाजवायची.
माझ्या मेव्हण्यासाठी निम्मं नळकांडं ठेवलं होतं बाजूला,
ते एका बाईनं नेलं. मीच दिलं.
तवापासनं कुणी 'थोडा जास्त प्राणवायू' म्हणलं
की हात व्हॉल्ववर जातो आन् तितंच थांबतो.
तुझं काय चुकत नाय, पोरा."

यावर काय बोलणार.
शेडबाहेर एक कुत्रं
ओतीव लोखंडाच्या गरम भुशावर झोपलं होतं.

बुधवारी साध्या हवेवर उतरलो.
धरणात दिसत काही नाही,
तळहात हेच डोळे.
शेवाळ, बोल्ट, शेवाळ, बोल्ट,
एका जागी पट्टी उसवलेली, करंगळी जाईल एवढी,
आत पाणी ओढतंय, बोटही ओढतंय.
तिथून पुढं दीड मीटर राहिला.
मनगटावर चौतीस.
दीड मीटर म्हणजे दोन मिनिटं, फार तर तीन.
मी वर आलो.

संध्याकाळी दस्तगीरचाचांचा फोन,
त्यांनी कधी केला नव्हता.
"मिळाली का रं तुझी ती हवा?"
नाही. एकवीसवरच भागवलं.
"मग काम झालं?"
दीड मीटर सोडून.
पलीकडं ग्राइंडर चालू होता, बंद झाला.
"तेल नसलेला कॉम्प्रेसर केवढ्याला येतो म्हणालास?"
मी आकडा सांगितला.
त्यांनी फोन ठेवला नाही, बोललेही नाहीत,
नुसता श्वास ऐकू येत होता,
मी सवयीनं मोजत राहिलो.